छायाताईचा मुका तास

छायाताईनं माफीच्या कागदावर सही केली नाही, हे मला सौंसरच्या बसस्टँडवर कळलं. कागद तिच्या हेडमास्तरांनीच हिंदीत लिहून दिला होता. भूल झाली, पुढे होणार नाही. खाली तिचं नाव. सहीची जागा कोरी.

"केली असती तर?" मी विचारलं.

"त आज वर्गात असती."

"मग काहून नाई केली वं ताई?"

"भूल झालीच नाई, त सही कायची करू?"

पांढुर्ण्याची बस लागली. ती चढली. मीही चढले. माझी शाळा त्या दिवशी मी बुडवली. तिथं शिक्षण खात्याच्या ऑफिसात तिला बोलणी बसतील, ती रडेल, तेव्हा जवळ कोणी असावं, एवढाच माझा विचार होता.

मराठीत एम.ए. करून मी नागपूरहून घरी सौंसरला परत आले आणि मोहगावच्या एका शाळेत अतिथी शिक्षिका झाले. अतिथी म्हणजे कायम नसलेली. दरवर्षी नव्यानं बोलावतात, किंवा बोलावत नाहीत. छाया सोमकुवर हीसुद्धा अतिथीच, पण माझ्याहून कितीतरी जुनी. मोहगावच्या पुढे वडटोला नावाचं लहानसं गाव आहे. तिथं ती पाचवीला शिकवते. आम्ही रोज एकाच बसनं जायचो. मी आधी उतरायचे. तेवढ्या वाटेतच आमची मैत्री झाली.

तिचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचत. घरात मराठी, शाळेत हिंदी. राज्य हिंदी, बोली मराठी, म्हणून आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं, त्यामुळे कोणी त्याबद्दल बोलत नाही. छायाताई बोलते.

"पहिलीत मी वर्षभर तोंड उघडलं नाई," तिनं एकदा सांगितलं. "गुरुजीनं बापाले बोलावलं. म्हने, पोरगी मुकी हाय का? बाप म्हने, गुरुजी, एक डाव घरी येऊन पाहा. हिच्यामुळं आमच्याकडं रेडिओ लावा लागत नाई."

ती हसत हसत सांगते. पण ते वर्ष ती विसरलेली नाही.

वडटोल्याच्या शाळेत टीव्ही आला तेव्हा गाव बघायला आलं. कौलावर डिशची छत्री बसली. शाळेच्या पाठांचे फुकट चॅनल असतात, प्रत्येक वर्गाचा वेगळा. सकाळी एक पाठ लागतो. तोच पाठ दुपारी पुन्हा लागतो. मध्ये थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही. गावात मोबाइलला रेंज नाही, म्हणून दुसरी सोय नाही. छायाताईनं टीव्ही लावायचा, मुलांना समोर बसवायचं, फोटो काढायचा आणि रेंज लागेल तिथून तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. काम एवढंच.

टीव्हीतली बाई चांगली होती. हिंदी स्पष्ट. ती प्रश्न विचारायची, जरा थांबायची, आणि म्हणायची, शाबाश. मुलं गप्प बसून बघायची. परक्याच्या लग्नाचा व्हिडिओ बघावा तशी.

चार दिवसांनी दामिनी नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, ते कोनाले शाबाश म्हनून राहिली? आपून त काईच नाई बोललो."

छायाताईनं रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

मग टीव्हीवर चित्र चालू राहिलं आणि छायाताई आपल्या बोलीत सांगत राहिली. पाठ्यपुस्तक तिचं पाठ होतं. चित्र बदललं की तिचं बोलणं बदलायचं. दुपारी तोच पाठ ती आवाजासकट लावायची. मुलांनी दोन्हींना नावं दिली. सकाळचा मुका तास, दुपारचा बोलका तास.

मुका तास रंगायचा. बोलक्या तासाला मात्र वर्ग अर्धा व्हायचा. शाळेतलं जेवण झालं की मुलं निसटायची. कापसाचे दिवस असले की आयाच हाका मारून न्यायच्या. हिंदी ऐकायला थांबायचं कशाला? बाईनं सकाळी सगळं सांगितलेलं असायचं.

आणि मग एक दिवस ती खरोखर चुकली.

पाठ मधमाशांचा होता. पडद्यावर पोळं दिसत होतं. पुस्तकात नसलेलं काहीतरी टीव्हीतली बाई सांगत होती आणि आवाज तर बंद. छायाताईनं अंदाजानं ठोकून दिलं की पोळ्यातल्या सगळ्याच माशा फुलांवर जातात, राणीसुद्धा. दुपारी आवाज लागला. टीव्हीतली बाई म्हणाली, राणी पोळ्यातच राहते.

दामिनी ताडकन उभी राहिली. "बाई, तुमी त येगळंच सांगतलं!"

वर्ग फुटला. मुलं हसून लोळली. बाई चुकली, बाई चुकली.

"मले आधी लाज वाटली," छायाताई मला बसमध्ये सांगत होती. "मंग वाटलं, थांब वं छाया. हे दामिनी हिंदी ऐकून राहिली होती. कान देऊन. मले पकडासाठी."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर कोणी पळालं नाही. मुलं टीव्हीसमोर येऊन बसली. "बाई, आज काय चुकवलं?"

त्या दिवशी तिनं काही चुकवलं नव्हतं. मुलं हिरमुसली. तिसऱ्या दिवसापासून मात्र मुक्या तासात ती मुद्दाम एक गोष्ट खोटी सांगू लागली. एकच. ती कुठली, हे बोलक्या तासाला टीव्हीतून शोधायचं.

मग नियम झाला. प्रत्येकाजवळ एक चिंचोका. मुक्या तासात जिथं खोटं वाटेल तिथं बोलायचं नाही, चिंचोका गुडघ्यासमोर ठेवायचा. एकदा ठेवला की उचलायचा नाही. दुपारी टीव्ही सांगेल कोणाचा बरोबर होता. सकाळी पटकन ओरडणाऱ्या मुलांमुळे बाकीची विचारच करत नाहीत, म्हणून हा चिंचोका.

"आता आया बलवायले येतात," ती म्हणाली होती, "त पोरं म्हनतात, मी टीव्ही झाल्यावर येतो. मायच मंग दारात बसून पाह्यते."

मी तेव्हा ऐकून घेतलं. छान युक्ती आहे, म्हटलं. त्यासाठी ती काय काय पणाला लावील याची कल्पना मला नव्हती.

कलंबे साहेब वडटोल्याला आले ते सकाळीच. ते पांढुर्ण्याच्या ऑफिसातले. जिल्हा नवा, ऑफिस नवं, आणि टीव्हीचे वर्ग कसे चालतात हे बघायचं काम त्यांच्याकडे. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. ते मूळचे सौंसरकडचेच, संत्र्याची बाग असलेल्या घरातले. पण ऑफिसचं काम ते हिंदीतच करतात.

ते दारात उभे राहिले तेव्हा टीव्ही मुका होता. पाठ बियांचा होता. छायाताई सांगत होती, "बी उगवाले तीन गोष्टी लागतात. पानी, हवा, आन् ऊन."

बी मातीच्या आत, अंधारात उगवतं हे शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही माहीत असतं. कलंबे साहेबांनाही माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत निम्म्या वर्गानं चिंचोके जमिनीवर ठेवले. त्यांना वाटलं, मुलं खेळतायत.

त्यांनी हिंदीत विचारलं, "बच्चो, बीज को उगने के लिए धूप चाहिए?"

सगळी गप्प. नियम तो नियम. शेवटी दामिनी म्हणाली, "दुपारी सांगतो, साहेब."

साहेबांचा चेहरा लाल झाला. छायाताईनं समजावून पाहिलं. चूक मुद्दाम आहे, दुपारचा पाठ लागू द्या, तुम्हीच बघा. साहेबांना अजून दुसऱ्या शाळा बघायच्या होत्या. त्यांची गाडी निघून गेली.

दोन दिवसांनी हेडमास्तरांना सौंसरच्या घरी फोन आला. आवाज बंद, मुलं खेळतात, शिक्षिका चुकीचं शिकवते. अतिथी शिक्षिकेनं वर्ग घेऊ नये, पांढुर्ण्याला येऊन खुलासा द्यावा. हेडमास्तर घाबरले. त्यांनी माफीचा कागद लिहिला. सही करा, साहेब मोकळे, आपण मोकळे. पण त्या कागदात आणखी एक ओळ होती. पुढे प्रसारण पूर्ण आवाजातच दाखवलं जाईल.

"ते ओळ मले मान्य नाई," तिनं हेडमास्तरांना सांगितलं.

घरीही तिला समजावलं गेलं. तिचा नवरा सुखदेव संत्र्याच्या हंगामात पेट्या भरायची कामं घेतो. तो म्हणाला, "एवढ्या वर्साची तुई नोकरी. एका चुकीपाई घालवतं काय?" ती म्हणाली, "एका चुकीपाईच त जाऊन राहिली पांढुर्ण्याले."

हे सगळं तिनं मला बसमध्ये सांगितलं. मांडीवरची पिशवी तिनं घट्ट धरली होती.

ऑफिसला पोचलो तेव्हा सकाळच्या पाठाला थोडाच वेळ होता. तिनं मुद्दाम ती वेळ धरली होती. तिनं ऑफिसात आधीच फोन करून ठेवला होता, हे मला तिथं कळलं. नितीन नावाचा तरुण क्लार्क पुढे आला.

"तुमीच ना छायाबाई? फोनवर इचारलं होतं, मीटिंगच्या खोलीतल्या टीव्हीले शाळेचे चॅनल लागतात का म्हनून? लागतात. पन काहून?"

"सांगतो," ती म्हणाली. "साहेब कुठं हायत?"

साहेब त्याच खोलीत बसले होते. समोर फायली. भिंतीवर मोठा टीव्ही, बंद.

"माफीनामा लाई हैं?" त्यांनी विचारलं.

"नाई साहेब. पाठ आनला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे, हिंदीतच, आपलं म्हणणं मांडलं. ते मला आजही चुकीचं वाटत नाही. ते म्हणाले, समजा मुलानं सकाळी चूक ऐकली आणि दुपारी ते घरी निघून गेलं. मग? ते मूल तीच चूक आयुष्यभर घेऊन फिरेल. याची जबाबदारी कोणाची?

"माही," छायाताई म्हणाली. "पन दुपारी कोनी घरी जात नाई. पहिले जात होते. आता नाई जात."

"हम कैसे मान लें?"

"त्या दिवशी तुमी थांबले असते त दिसलं असतं. आज थांबा. पोरं इथं नाईत, तुमचे लोक हायत. सकाळचा पाठ मी सांगतो. मंग दुपारपर्यंत कोन जाते कोन राह्यते ते तुमीच पाहा. सगळे उठून गेले, त मी सही करतो."

तिनं पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. हे तिनं मला सांगितलं नव्हतं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. नितीननं त्यांच्याकडे बघितलं. साहेब हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. नितीननं टीव्ही लावला.

पाठ प्राण्यांच्या डोळ्या-कानांचा आणि नाकाचा होता. छायाताईनं आवाज बंद केला. पिशवीतले चिंचोके तिनं वाटले. नितीनला एक, टेबलावर टायपिंग करणाऱ्या बाईंना एक, पाणी घेऊन आलेल्या पुंडलिकराव चपराशांना एक. एक साहेबांच्या फायलीजवळ. साहेबांनी तो पेनानं बाजूला सरकवला.

"एक गोष्ट खोटी सांगीन," ती म्हणाली. "खोटी वाटली का चिंचोका ठेवाचा. बोलाचं नाई. ठेवला का उचलाचा नाई."

आणि तिनं सुरू केलं. पडद्यावर मुंग्यांची रांग होती. ती म्हणाली, मुंगी पुढच्या मुंगीच्या वासानं चालते, बोटानं वाट पुसली तर ती चुकते. वाघ आला. रात्री वाघाला माणसाच्या सहापट चांगलं दिसतं. साप आला. सापाला बाहेरून कान नसतात, जमिनीची थरथर तो अंगानं ओळखतो. चिमणी आली. चिमणी सारखी मान इकडं तिकडं करते, कारण तिला कान नसतात, म्हणून ती डोळ्यानंच सगळ्याचा अंदाज घेते.

मला ती रोजची छायाताई वाटेना. आवाज चढलेला नाही, हात हलत नाहीत. चित्र आणि ती, दोन्ही बरोबर चालली होती. दारात आणखी दोघं येऊन उभी राहिली होती. त्यांनीही चिंचोके मागून घेतले.

पाठ संपला. टीव्ही बंद झाला. आणि ऑफिसात सुरू झालं.

"साप!" नितीन म्हणाला. "सापाले कान नाई त पुंगीवर डोलते कसा?"

"तू मुंगी पाह्यली हाय का कधी बोट लावून?" पुंडलिकराव म्हणाले. "मुंगीचं खोटं हाय. मुंगी ते मुंगी, तिले नाक कुठं?"

"तुमच्या चहात पडते तेव्हा वास घेऊनच पडते ना, काका."

टायपिंगच्या बाई म्हणाल्या, "वाघाले सहापट कोनी मोजलं? कोन गेलं होतं वाघाजवळ मोजाले?"

"थांबा, मी मोबाइलवर काढतो," नितीन म्हणाला.

"काढा," छायाताई म्हणाली. "मंग दुपारची मजा काय रायली?"

नितीननं मोबाइल खिशात टाकला. पुंडलिकराव त्याला म्हणाले, "ठेव बाप्पा. हरला त समजन तरी."

साहेब उठून आपल्या केबिनमध्ये गेले. त्यांना दुपारी दौऱ्यावर जायचं होतं. जेवायची वेळ झाली. लोक डबे घेऊन बाहेर न जाता त्याच खोलीत बसले. साप आणि वाघ चालूच होते. आम्हालाही कोणीतरी भाकरी दिली. छायाताई जेवली. टेबलावर तो कागद होता आणि त्यावर कोणीतरी लोणच्याची बाटली ठेवली होती.

ड्रायव्हर येऊन केबिनच्या दारात उभा राहिला. "साहेब, गाडी लावली."

आतून आवाज आला, "रुको ज़रा."

थोड्या वेळानं तो पुन्हा आला. साहेबांनी त्याला पेट्रोल भरायला पाठवलं. पुंडलिकराव हळूच म्हणाले, "पेट्रोल त सकाळीच भरलं." छायाताईनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती घड्याळाकडे बघत होती.

दुपारचा पाठ लागायच्या आधी खोली भरली. ज्यांनी सकाळचा पाठ ऐकलाच नव्हता तेही भांडण ऐकून आले होते. नितीननं आवाज वाढवला. टीव्हीतली बाई हिंदीत बोलू लागली आणि सगळे गप्प झाले. मुंगी खरी निघाली. पुंडलिकरावांनी कपाळावर हात मारला. वाघ खरा निघाला. साप खरा निघाला तेव्हा नितीन खुर्चीत खाली सरकला. मग चिमणी. टीव्हीतली बाई म्हणाली, पक्ष्यांना कान असतात, पिसांखाली झाकलेली बारीक भोकं. बहुतेक पक्ष्यांना डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते मान फिरवतात.

एकच गलका झाला. "चिमनी! चिमनी होती!" चिमणीवर कोणाचाच चिंचोका नव्हता.

दाराकडून आवाज आला, "मले ते वाघाचं वाटलं होतं."

सगळे वळले. कलंबे साहेब दारात उभे होते. कधीपासून, कोणास ठाऊक. त्या ऑफिसात त्यांना मराठी बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. ते आत आले आणि खुर्चीवर बसले.

मग त्यांनी विचारलं, "दुपारी लाईट गेली तर?"

"एक डाव गेली होती," छायाताई म्हणाली. "पोरं बसून राहिले. सुटी व्हाच्या आधी मी सांगतलं. खोटं काय होतं, खरं काय हाय."

"सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचं. एकेकाकडून. चूक घेऊन कोणी घरी जाता कामा नये."

"हाव."

"जो गैरहजर असेल त्याला दुसऱ्या दिवशी."

"हाव साहेब."

"आणि चूक एकच."

"एकच."

त्यांनी लोणच्याची बाटली उचलून बाजूला ठेवली. माफीच्या कागदाला तेलाचा गोल डाग पडला होता. त्यांनी तो कागद घडी करून तिच्या हातात दिला. "हेडमास्तरांना मी फोन करतो. उद्यापासून वर्ग घ्या."

नितीननं टाळी वाजवली. मग आपण ऑफिसात आहोत हे आठवून तो फाईल शोधायला लागला.

छायाताईनं चिंचोके गोळा केले. साहेबांना नमस्कार केला. बाहेर येऊन पाणी प्यायली. ग्लास तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

परतीच्या बसमध्ये तिनं पिशवी मांडीवर उपडी केली आणि चिंचोके मोजले.

"एक कमी हाय," ती म्हणाली.

"कोणाकडे राहिला?"

"राहू दे."

खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा मागे जात होत्या. तिला धीर द्यायला म्हणून मी आले होते. ऑफिसात मी एकही शब्द बोलले नव्हते. शेवटी विचारलं, "ताई, साहेब दौऱ्यावर निघून गेले असते तर? सगळेच उठून गेले असते तर? तू सही केली असती?"

"केली असती. कबूल केलं होतं ना."

"आणि मग?"

तिनं पिशवीची दोरी ओढून गाठ मारली.

"मंग उद्या परत ऑफिसात आली असती. उद्या गणिताचा पाठ हाय."